सबक, तकरार आणि केटी

गेल्या जानेवारीत माझी एक जुनी विद्यार्थिनी वडिलांना घेऊन घरी आली. दहावीपर्यंत ती माझ्या वर्गात उर्दू आणि मराठी शिकली. बारावी कॉमर्सला चांगले गुण मिळवून एफ.वाय.बी.कॉम.ला गेली. तिच्या खानदानात कॉलेजची पायरी चढणारी ती पहिली मुलगी. पहिल्याच सेमिस्टरला तिला तीन विषयांत केटी लागली.

वडील टेम्पो चालवतात. चहाचा कप हातात तसाच धरून ते म्हणाले, "सर, बच्ची रात-रात जागती, मैं खुद देखतूं. फिर भी फेल. दिमागच नहीं तो फीस काहेकू भरना?" पुढच्या सेमिस्टरची फी भरायची नाही, हे त्यांचे जवळजवळ ठरले होते. मी कबूल करावे आणि मुलीला समजावून सांगावे, एवढ्यासाठीच ते आले होते.

मुलीने पिशवीतून अकाउंटन्सी आणि इकॉनॉमिक्सची गाईडे काढली. पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत पिवळ्या हायलायटरने रंगवलेली. एक ओळ सुटलेली नव्हती. ती हळूच म्हणाली, "सर, वाचताना सगळं येतं. पेपरात काहीच आठवत नाही."

मी तिला तेव्हा जे सांगितले, ते नीट लिहून काढावे म्हणून हा लेख. आपल्याकडे इल्मच्या फजिलतीवर भरपूर बोलले जाते. जलसा असो की शाळेचे गॅदरिंग, वक्ता उठतो आणि अभ्यास करा, मेहनत करा म्हणून सांगतो. अभ्यास करायचा म्हणजे नेमके काय करायचे, हे कोणी सांगत नाही. मुलांना वाटते, पुस्तक उघडून जितके तास बसलो तितका अभ्यास झाला. गंमत अशी की आपल्याच इतिहासात याच प्रश्नावर बारकाईने विचार झालेला आहे, पुस्तके लिहिली गेली आहेत, आणि ती आपण विसरलो आहोत.

सुरुवात एका दरोड्यापासून करतो. इमाम गझाली (रह.) यांचा जन्म १०५८चा, तूसमधला. तरुणपणी ते शिकायला जुर्जानला गेले. उस्तादांनी जे जे सांगितले ते सगळे लिहून घेतले आणि वह्यांचा गठ्ठा घेऊन गावी निघाले. वाटेत काफिल्यावर दरोडा पडला, सामान गेले. गझाली दरोडेखोरांच्या मागे गेले आणि त्यांच्या सरदाराला विनवू लागले की बाकी सगळे ठेवा, पण माझ्या वह्या द्या, त्या तुमच्या काही कामाच्या नाहीत, माझे मात्र सगळे शिक्षण त्यात आहे. सरदार हसला. वह्या गेल्या की तुझे ज्ञान जाते, तर मग तू शिकलास काय, असे काहीसे तो बोलला आणि गठ्ठा परत दिला. गझालींना हे इतके लागले की तूसला पोहोचल्यावर तीन वर्षे त्यांनी त्या वह्या आत्मसात करण्यात घालवली. पुढे १०९१ मध्ये बगदादच्या निजामिया मदरशाची गादी ज्यांना मिळाली, ते हेच. सुबकी यांनी आपल्या चरित्रग्रंथात हा किस्सा नोंदवला आहे.

पिवळे रंगवलेले गाईड पाहिल्यावर मला पहिल्यांदा हाच किस्सा आठवला. तिचे ज्ञान गाईडात होते, आणि गाईड परीक्षेच्या हॉलबाहेर ठेवावे लागते.

मग लक्षात कसे ठेवायचे? यावर सर्वांत कामाचे पुस्तक बुरहानुद्दीन झरनूजी यांचे, 'तालीमुल मुतअल्लिम'. मध्य आशियातल्या या उस्तादाने ते साधारण १२०३च्या सुमारास लिहिले. पुस्तक छोटे आहे, आणि शेकडो वर्षे मदरशांमध्ये वाचले गेले आहे. झरनूजींचे उस्ताद म्हणजे 'हिदाया' या प्रसिद्ध फिकह ग्रंथाचे लेखक मरगीनानी. पुस्तक लिहिण्याचे कारण झरनूजी सुरुवातीलाच सांगतात. ते असे की विद्यार्थी कष्ट तर करतात, पण त्यांना फळ मिळत नाही, कारण त्यांची वाट चुकलेली असते. आठशे वर्षांपूर्वीच्या माणसाने जणू त्या टेम्पोवाल्या बापालाच उत्तर दिले आहे. दिमाग नाही असे त्यांनी म्हटले नाही, वाट चुकली असे म्हटले.

आता त्यांचा हिशोब बघा. कालचा सबक आज पाच वेळा म्हणायचा, परवाचा चार वेळा, त्याच्या आदल्या दिवसाचा तीन वेळा, त्याआधीचा दोनदा आणि त्याच्याही आधीचा एकदा. म्हणजे कोणताही धडा एका दिवशी उरकत नाही. तो पाच दिवस सोबत राहतो, एकूण पंधरा वेळा तोंडून जातो, पण दर दिवशी त्याचे ओझे कमी होत जाते. हेच पंधरा वेळा परीक्षेच्या आदल्या रात्री केले तर? आपली मुले नेमके तेच करतात. १८८५ मध्ये एबिंगहाउस या जर्मन संशोधकाने स्वतःवरच प्रयोग करून दाखवले की शिकलेले सुरुवातीला झपाट्याने विसरले जाते आणि नंतर विसरण्याचा वेग मंदावतो, आणि उजळणी दिवसांवर विभागली तर ती एका दमात केलेल्या उजळणीपेक्षा जास्त टिकते. झरनूजींकडे प्रयोगशाळा नव्हती. त्यांच्याकडे पिढ्यान्‌पिढ्यांचे विद्यार्थी होते.

सुरुवातीच्या विद्यार्थ्याने सबक केवढा घ्यावा? दोनदा शांतपणे म्हटल्यावर लक्षात राहील एवढाच, आणि रोज एकेक शब्द वाढवत न्यावे. म्हणताना पुटपुटू नये आणि घसा बसेपर्यंत ओरडूही नये. समजल्याशिवाय काही उतरवून घेऊ नये. एक पुस्तक अर्धवट टाकून दुसरे धरू नये. बुखाऱ्याला शिकायला गेलात तर लगेच कोणा उस्तादाच्या दारात बसू नका, दोन महिने नीट पारखा आणि मग ठरवा, म्हणजे मध्येच सोडून जायची वेळ येत नाही. ॲडमिशनच्या रांगेत 'मैत्रिणीने घेतलं म्हणून' विषय निवडणाऱ्या मुलींना हा परिच्छेद वाचून दाखवावा असे मला दर जूनमध्ये वाटते. मरगीनानी आपल्या यशाचे कारण सांगताना हुशारीचे नाव घेत नाहीत. माझ्या शिक्षणात खंड पडला नाही, म्हणून मी बरोबरीच्यांच्या पुढे गेलो, असे त्यांचे म्हणणे.

इमाम मुहम्मद शैबानी (रह.) यांच्याविषयीही झरनूजी लिहितात. रात्री ते वेगवेगळ्या विषयांच्या वह्या जवळ ठेवून बसत. एका विषयाचा कंटाळा आला की दुसरा घेत. झोप यायला लागली तर जवळ पाणी असे. अकाउंटन्सीची गणिते करून डोके बधिर झाल्यावर मोबाईल घेण्याऐवजी इकॉनॉमिक्स घ्यायचे, एवढाच त्याचा आजचा अर्थ.

अर्थात झरनूजींचे सगळेच घ्यावे असे नाही. स्मरणशक्तीसाठी रोज उपाशीपोटी एकवीस लाल मनुका खाव्यात असे ते सांगतात. ठीक आहे, मनुकांनी नुकसान नाही. पण ओली कोथिंबीर खाल्ल्याने विसरभोळेपणा येतो असेही ते लिहितात. तसे असते तर महाराष्ट्रात आजवर एकही माणूस दहावी पास झाला नसता. जुन्या पुस्तकांतून पद्धत घ्यावी, कोथिंबीर सोडून द्यावी.

खरे तर ही पद्धत आपल्याला नवी नाही. मी लहानपणी मक्तबात हिफ्ज करणारी मुले पाहिली आहेत. माझा स्वतःचा हिफ्ज दोन पाऱ्यांच्या पुढे गेला नाही, तो भाग वेगळा. हाफिजसाब प्रत्येकाकडून रोज तीन गोष्टी ऐकत. आजचा नवा सबक, गेल्या काही दिवसांतली सबकी आणि जुने पारे, ज्याला कोणी आमोख्ता म्हणतात, कोणी मंजिल. नवा सबक पक्का असला आणि आमोख्ता कच्चा निघाला, तर त्या दिवशी पुढे जायला परवानगी नसे. हाफिजसाबांच्या हातात मुसहफ असे, मुलाच्या हातात काही नाही. इथेच मुद्दा आहे. मूल वाचत नव्हते, न बघता म्हणून दाखवत होते. दहा-बारा वर्षांची मुले सहाशे पानांचा ग्रंथ अक्षरही न चुकता सांभाळत होती. तीच मुले पुढे शाळेत नापास झाली तर आपण म्हणतो की दिमाग नाही! मक्तबात शिकलेली सवय शाळेच्या दारात चपलांसारखी काढून ठेवायची, हे त्यांना कोणी शिकवले?

वाचणे आणि आठवणे यांत केवढे अंतर आहे, हे अमेरिकेतल्या रोडिगर आणि कार्पिक या दोघांनी २००६ मध्ये कॉलेजच्या विद्यार्थ्यांवर तपासले. काहींना उतारा पुन्हा पुन्हा वाचायला दिला, काहींना एकदा वाचून मग न बघता आठवून लिहायला लावले. पाच मिनिटांनी परीक्षा घेतली तर वाचणारे पुढे. आठवड्याने घेतली तर आठवणारे पुढे. आणि आपल्याला हे पुढेही आठवेल असा भरवसा मात्र वाचणाऱ्यांनाच जास्त होता. 'वाचताना सगळं येतं' हे माझ्या विद्यार्थिनीचे वाक्य खोटे नव्हते. येत होते, फक्त वाचतानाच.

इथे एक धोका आहे. हे सगळे ऐकून कोणी म्हणेल, म्हणजे सर घोकंपट्टीच सांगतात. म्हणून इब्ने सिनांकडे वळतो. त्यांचा जन्म ९८० मध्ये बुखाऱ्याजवळचा. आपल्या शिक्षणाची हकिकत त्यांनी स्वतःच सांगून ठेवली आहे. हिंदी अंकगणित ते एका भाजीविक्याकडून शिकले. नातिली नावाच्या उस्तादाकडे युक्लिडची पहिली पाच-सहा प्रमेये केली आणि उरलेले पुस्तक स्वतः सोडवले. नंतर दीड वर्ष ते पुन्हा तर्कशास्त्राकडे वळले. तेव्हा ते कागदांचे गठ्ठे समोर ठेवून बसत. प्रत्येक युक्तिवाद कोणत्या गृहीतकांवर उभा आहे, ती कशी मांडली आहेत, त्यांतून काय निघते, हे लिहून काढत. अडले तर मशिदीत जाऊन नमाज पढत, रात्री पुन्हा दिव्याखाली बसत.

अॅरिस्टॉटलचा 'मेटाफिजिक्स' त्यांनी चाळीस वेळा वाचला, हे आपल्याकडे प्रत्येक वक्ता सांगतो. मुलांनो, बघा, चाळीस वेळा! आणि गोष्ट तिथेच संपवतो. पुढचे कोणी सांगत नाही. चाळीस वेळा वाचून पुस्तक त्यांना पाठ झाले होते आणि तरीही कळले नव्हते. ते निराश होऊन बसले होते. एके दिवशी ग्रंथविक्रेत्यांच्या बाजारात एका दलालाने गळ घातली म्हणून त्यांनी तीन दिरहमला एक पुस्तक घेतले. ते फाराबीचे निघाले, त्याच ग्रंथाचा हेतू उलगडून सांगणारे. घरी जाऊन वाचले आणि सगळे लख्ख झाले. दुसऱ्या दिवशी त्यांनी शुक्राने म्हणून गरिबांना सदका दिला. माझ्या मते ही चिकाटीची गोष्ट नाहीच. चाळीस वेळांनी जे झाले नाही ते योग्य मदतीने एका दिवसात झाले, अशी ती गोष्ट आहे. एकेचाळिसाव्यांदा तेच पान वाचण्यापेक्षा दुसरे पुस्तक उघडावे किंवा कोणाला तरी विचारावे.

विचारणे! आपल्या मुलांचे, त्यातही उर्दू माध्यमातून इंग्रजी वर्गात गेलेल्या मुलांचे, खरे दुखणे तेच आहे. मागच्या बाकावर बसायचे, मान खाली घालायची, चुकीचे इंग्रजी बोलण्यापेक्षा गप्प राहायचे. इब्ने खलदून यांनी १३७७ मध्ये अल्जीरियातल्या एका किल्ल्यात बसून 'मुकद्दमा' लिहिला, त्यात या गप्प विद्यार्थ्यांचे वर्णन आहे. मगरिबमध्ये असे विद्यार्थी आढळतात, जे आयुष्य मजलिसीत बसून काढतात, पण तोंड उघडत नाहीत, गरजेपेक्षा जास्त पाठ करत राहतात. शिक्षण पूर्ण झाल्यावर त्यांना धड बोलता येत नाही की शिकवता येत नाही. मोरोक्कोच्या मदरशात मुक्कामाची मुदत सोळा वर्षे, ट्युनिसमध्ये पाच. फरक अकलेचा नव्हे, शिकवण्याच्या रीतीचा, असा त्यांचा निष्कर्ष. ज्ञानाचे कौशल्य, ज्याला ते 'मलका' म्हणतात, ते यायचा सर्वांत सोपा मार्ग म्हणजे विषयावर बोलणे आणि वाद घालणे. झरनूजींनीही हेच म्हटले आहे. तासभराच्या चर्चेला त्यांनी महिनाभराच्या पाठांतरापेक्षा वरचे स्थान दिले आहे.

इब्ने खलदून यांनी संक्षिप्त पुस्तकांवरही टीका केली आहे. त्यांच्या काळी मोठ्या ग्रंथांचे गच्च आवळलेले सारांश पाठ करायची रीत पडली होती. वेळ वाचतो असे वाटते, प्रत्यक्षात ती कोंबलेली वाक्ये सोडवण्यातच विद्यार्थी थकतो. आजचे गाईड आणि अपेक्षित प्रश्नसंच पाहिले असते तर ते काय म्हणाले असते, याची कल्पना करवत नाही. त्यांची स्वतःची शिफारस तीन फेऱ्यांची आहे. पहिल्या फेरीत विषयाचा फक्त सांगाडा, दुसऱ्या फेरीत खुलासा आणि मतभेद, तिसऱ्या फेरीत अडलेले सगळे सोडवणे.

हिंदुस्थानात या सगळ्याला एक ठरलेले रूप मिळाले ते लखनौच्या फरंगी महलात. ही हवेली पूर्वी एका युरोपीय व्यापाऱ्याची, नंतर औरंगजेबाने एका उलेमा घराण्याला दिली. त्या घराण्यातल्या मुल्ला निजामुद्दीन यांच्या (मृत्यू १७४८) नावाने 'दर्से निजामी' हा अभ्यासक्रम ओळखला जातो. त्यामागचा विचार असा, की प्रत्येक विषयाची थोडी पण अवघड पुस्तके पक्की करायची, म्हणजे बाकीची विद्यार्थी स्वतःच्या बळावर वाचू शकेल. मदरशांत रूढ झालेला दिवस तीन तुकड्यांचा. आदल्या रात्री 'मुतालआ', म्हणजे उद्याचा धडा स्वतः वाचून कुठे अडते ते शोधायचे. सकाळी 'दर्स'. विद्यार्थी मजकूर वाचतो, उस्ताद खुलासा करतात. रात्री 'तकरार', म्हणजे चार-पाच जण गोल बसतात आणि त्यातला एक जण उस्ताद होऊन तोच धडा बाकीच्यांना समजावतो. मराठीत तक्रार म्हणजे गाऱ्हाणे. मदरशात तकरार म्हणजे पुनरावृत्ती. शब्द एकच, आपण त्याचे गाऱ्हाणे तेवढे ठेवले. देवबंदला आजही इशानंतर असे घोळके बसतात.

काही वर्षांपूर्वी शाळेची सहल घेऊन बीदरला गेलो होतो. उदगीरहून ते फार लांब नाही. बहमनी वजीर महमूद गवान याने १४७२च्या सुमारास बांधलेला मदरसा तिथे उभा आहे. निम्मा ढासळलेला, एकच मिनार शिल्लक, निळ्या-हिरव्या फरशांचे तुकडे अजून भिंतीला चिकटलेले. मुले मिनाराचे फोटो काढत होती. मी विद्यार्थ्यांच्या खोल्या पाहत होतो. मधोमध मोकळा चौक, तिन्ही मजल्यांवर खोल्या, उजेड-वारा खेळता. शिकणाऱ्याच्या डोक्यावर छप्पर आणि ताटात भाकरी कोण देणार, याचे उत्तर ती इमारत बांधणाऱ्याने आधीच दिले होते. बगदादची निजामिया १०६७ मध्ये उघडली, तिथेही विद्यार्थ्यांच्या राहण्या-जेवणाची सोय वक्फच्या उत्पन्नातून होई. आपण गझालींची मेहनत सांगतो, त्यामागचा वक्फ सांगत नाही. सवयी काही हवेत लागत नाहीत.

म्हणून मी त्या दिवशी मुलीऐवजी वडिलांना प्रश्न विचारला. घरात हिला बसायला जागा कुठली? ते थोडे विचारात पडले. दोन खोल्या, सहा माणसे. मगरिबनंतर टीव्ही चालू होतो, हिला पोळ्या लाटायच्या असतात, धाकट्या भावांचे बघायचे असते. सगळे झोपल्यावर अकरा वाजता ही पुस्तक उघडते. झरनूजींनी अभ्यासाच्या उत्तम वेळा सांगितल्या आहेत, पहाटेची आणि मगरिब ते इशामधली. त्यातली दुसरी वेळ आपल्या घरांत मुलींच्या वाट्याला तव्यासमोर येते. मुलगा अभ्यास करत असेल तर त्याला कोणी उठवत नाही.

वडील लगेच काही बोलले नाहीत. मी त्यांना मक्केच्या करीमा मरवजिया यांच्याविषयी सांगितले. अकराव्या शतकातल्या या विदुषीकडे सहीह बुखारी शिकायला दूरदूरचे उलेमा येत. खतीब बगदादींसारखा मोठा मुहद्दिस हजला आला असताना त्यांच्यापुढे बसून पाच दिवसांत तो ग्रंथ वाचून गेला. विद्यार्थ्याने उतरवलेली प्रत मूळ प्रतीशी शब्दन्‌शब्द ताडून पाहिल्याशिवाय त्या पुढे जाऊ देत नसत. हे ऐकून मुलगी एकदम म्हणाली, "सर, मी तर मैत्रिणीच्या नोट्सची झेरॉक्स काढते. तिनं चुकीचं लिहिलं असेल तर?" तिच्या अकाउंटन्सीच्या पेपरातली एक चूक खरेच तिथून आली होती, ते आम्ही वही काढून पाहिले.

शेवटी ठरले ते असे. मगरिब ते इशा टीव्ही बंद. त्या वेळच्या पोळ्या आई आणि मोठा भाऊ बघतील. भावाचे नाव मी घेतल्यावर वडील हसले, पण नाही म्हणाले नाहीत. हायलायटर माझ्याकडे जमा. रोज रात्री उद्याच्या तासाचे पान आधी चाळायचे आणि दोन प्रश्न लिहून न्यायचे, त्यातला एक तरी वर्गात विचारायचा, मोडक्या इंग्रजीत का होईना. पाच-चार-तीन-दोन-एकचा तक्ता तिने तिथेच वहीच्या शेवटच्या पानावर आखला. तकरारसाठी गल्लीतली एक चुलत बहीण आहे, ती अकरावीला. तिला अकाउंट्स शिकवायचे.

फी त्याच आठवड्यात भरली गेली. मार्चमध्ये मी त्यांच्या गल्लीतून जात होतो. ओट्यावर दोघी बसल्या होत्या. एकीच्या हातात पुस्तक, दुसरी न बघता डेबिट-क्रेडिट सांगत होती आणि चुकली की दोघी हसत होत्या. मी थांबलो नाही. परीक्षा एप्रिलमध्ये झाली, केटीचे पेपरही तिने त्यातच दिले. निकाल अजून लागायचा आहे.